समुद्र म्हणाला, "येतो"

गळ्याशपथ सांगतो, ही गोष्ट अक्षर न् अक्षर खरी आहे. मी स्वतः तिथे केतकीच्या बेटाआड बसलो होतो आणि सगळं या दोन डोळ्यांनी पाहिलं. म्हणजे, बसलो नव्हतो, उभा होतो. म्हणजे, खरं सांगायचं तर मी तेव्हा जन्मलोच नव्हतो, त्यामुळे बसलो काय नि उभा राहिलो काय, सारखंच. पण ज्यानं मला ही गोष्ट सांगितली तो कधी खोटं बोलत नाही. तो एक खेकडा होता. खेकडे चालतात तिरके, पण बोलतात सरळ.

गोष्ट भीतीची आहे. ज्याला भीती वाटणार असेल त्यानं आत्ताच आईच्या कुशीत सरकून घ्यावं, मग जागा राहणार नाही. मी तर सांगतानासुद्धा पाय वर घेऊन बसतो.

तर, समुद्राच्या काठाला वाळूची एक लांबच लांब टेकडी होती आणि टेकडीच्या मागे एक तळी. तळी कसली, तळुली! इवलीशी, गोल गोल, चकचकीत. वरून उडणाऱ्या बगळ्यांना ती जमिनीच्या कपाळावर लावलेल्या टिकलीसारखी दिसायची, म्हणून तिचं नावच पडलं टिकली. टिकलीचं पाणी सकाळी गुलाबी, दुपारी निळं आणि सांजेला केशरी. त्यात पांढरी कमळं, कमळांवर लाल शेपटीचे चतुर, कमळांखाली चांदीच्या टाचण्यांसारखे पिटुकले मासे, आणि काठाला केतकीचं दाट हिरवं बेट. पाणी तर इतकं गोड, की पिऊन झाल्यावर ओठ चाटावे.

आता गंमत बघा. टेकडीच्या अलीकडे ही एवढीशी गोड टिकली, पलीकडे तो एवढा थोरला खारट समुद्र, आणि त्या समुद्राला टिकली ठाऊकच नव्हती! पाहुणे आल्यावर लाजरं पोर आईच्या पदराआड लपतं ना, तशी ती टेकडीआड लपली होती.

आणि टेकडीला कुणी धरून ठेवलं होतं? मर्यादवेलीनं. वाळूवर सरपटत जाणारी वेल ही. पानं आपट्यासारखी जोडीजोडीनं चिकटलेली, फुलं जांभळी-गुलाबी, कर्ण्यासारखी. पेरापेरातून मुळं सोडायची आणि वाळू घट्ट मुठीत धरायची. समुद्रानं कुठपर्यंत यायचं आणि कुठे थांबायचं ती मर्यादा या वेलीनं आखायची, म्हणून तिचं नाव मर्यादवेल. समुद्र रोज यायचा, वेलीची जांभळी फुलं बघायचा आणि मुकाट मागे फिरायचा.

टेकडी आणि टिकली यांच्या मधे, अगदी टेकडीच्या पायथ्याशी, एक झोपडी होती. तिथे आवडी राहायची आणि तिची आई, सगुणा. आवडीला वडील नव्हते. दोघींच्या घरात एक चूल, एक पाटा, दोन गोधड्या आणि भुकेला मात्र हवी तेवढी जागा. सगुणा केतकीच्या पातींच्या चटया विणायची. केतकीच्या पातीला कडेनं करवतीसारखे काटे. ते सोलता सोलता आईच्या बोटांवर इतके ओरखडे पडले होते, की ती आवडीच्या गालावरून हात फिरवायची तेव्हा खरखर आवाज यायचा. आवडीला तो आवाज फार आवडायचा. पण मीठ लागलं की आई हळूच "स्स" करायची, तेव्हा आवडी तिच्या बोटांवर फुंकर घालायची.

पाती आणायला आवडी जायची. आईनं तिला शिकवलं होतं, बाहेरच्या पाती घ्यायच्या, गाभ्याला हात लावायचा नाही. आणि आधी विचारायचं.

"घेऊ का गो?" आवडी केतकीला विचारायची. वारा यायचा, केतकी मान डोलवायची, मग ती घ्यायची. आणि निघताना केतकीला, कमळांना, माशांना आणि टिकलीला सगळ्यांना सांगून निघायची, "येते हं!"

आपल्याकडे निघताना कुणी "जाते" म्हणत नाही. म्हणालं तर आई तोंडावर बोट ठेवते. "जाते म्हणू नये, येते म्हणावं." हे नीट लक्षात ठेवा. पुढे याच्यावाचून जीव वाचणार नाही.

टिकलीच्या दुसऱ्या बाजूला बाबलशेटचं नवंकोरं घर होतं. ओसरीवर पितळी कड्यांचा झोपाळा. बाबलशेट झोपाळ्यावर बसायचा आणि चिडायचा.

"घर समुद्राकाठी बांधलं, आणि समुद्र दिसत नाही म्हणजे काय! समोर बघावं तर वाळूचा ढीग!"

एक दिवस त्यानं माणसं लावली. फावडी आली, घमेली आली. मर्यादवेल दोरासारखी ओढून काढली आणि झोपाळ्याच्या अगदी समोर टेकडीला हे एवढं खिंडार पाडलं. आवडी धावत गेली.

"शेटकाका, ती वेल नका ना उपटू!"

"का गो? तू पेरली होतीस?"

"नाही. पण ती वाळू धरते."

"वाळू काय चोर आहे, धरायला?" बाबलशेट पोट हलवत हसला. "ये, बस झोपाळ्यावर. बघ कसा झकास समुद्र दिसतो."

आवडी झोपाळ्याच्या कडेला बसली. खिंडारातून समुद्र दिसत होता. निळा, हिरवा, लखलखणारा. त्याच्या लाटा जरा थांबल्यासारख्या वाटल्या. कुणीतरी काम करता करता मान वर करून बघावं, तशा. आवडीच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"दिसला ना?"

"दिसला, शेटकाका," आवडी अगदी हळू म्हणाली. "पण त्यालाही आपण दिसलो."

बाबलशेटचं हसू तोंडातच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा झोपाळा ओला होता. आख्खा नाही, बरोबर मधोमध, कुणीतरी ओल्या अंगानं बसून गेल्यासारखा. कडीला हिरवं समुद्रशेवाळ लोंबत होतं. आणि कुणी नसताना झोपाळा हलत होता.

"पोरांचा चावटपणा!" बाबलशेट ओरडला. पण त्या दिवसापासून तो खुर्चीवर बसायला लागला.

समुद्रानं झोपाळा बघितला होता, पण त्याच्या आधी त्याला वाटेत टिकली दिसली होती. एवढीशी, गोड, चमचमती. समुद्र म्हातारा, समुद्र अवाढव्य, त्याच्या पोटात जहाजं मावतात. पण त्याला ती टिकली हवीशी झाली. रोजची भरती खिंडारातून थोडी आणखी आत यायला लागली. आणि आजवर ज्या लाटांचा नुसता घोंघाट ऐकू यायचा, त्यातून आता शब्द यायला लागला. खोल, ओला, लांबलेला.

"येतोऽऽऽ."

गावात सगळ्यांनी ऐकला. पोरं खेळता खेळता घरात पळाली. कुत्री शेपूट घालून चुलीमागे बसली.

"येतोऽऽऽ."

टिकलीच्या कडेचं पाणी मचूळ झालं. केतकीची टोकं पिवळी पडली. मासे काठ सोडून मधोमध दाटीवाटीनं थरथरत राहिले.

अशाच एका सांजेला आवडी पाती आणायला गेली, तेव्हा केवड्याच्या सोनेरी कणसातून तिला बारीकसं मुसमुसणं ऐकू आलं. तिनं वाकून बघितलं. आत एक परी! करंगळीएवढी. दवाच्या थेंबांचा झगा, चतुराचे पंख, त्यांत इंद्रधनुष्याचे सात रंग. पण एक पंख चिकटून वाकडा झाला होता. त्यावर समुद्राच्या फेसाचा थेंब वाळून मिठाचा खडा झाला होता. आणि परी थरथर कापत होती.

बघा, ज्या गोष्टीत परीच घाबरते, तिथे आपलं काय व्हायचं!

"थांब हं, हलू नकोस," आवडी म्हणाली. तिनं करवंटीत टिकलीच्या मधल्या भागातलं गोड पाणी आणलं, बोटाच्या टोकानं एकेक थेंब सोडला आणि पंख मोकळा केला. पंख फडफडला, आणि सगळं केतकीचं बेट मोरपिशी उजेडानं भरून गेलं.

"मी टिकलीची परी," ती म्हणाली. तिचा आवाज पैंजणाच्या एका घुंगराएवढा. "तू विचारून पाती घेतेस ती तूच ना? मग तीन इच्छा माग. पण नियम ऐक. मी नवं काही बनवत नाही. एका जागचं उचलते आणि दुसऱ्या जागी ठेवते. कुठून उचललं जाईल ते माझ्या हातात नसतं. जवळ जे सापडेल ते. आणि तिसरी इच्छा पुरी झाली की मी जाते."

"अगं!" आवडीनं पटकन तोंडावर बोट ठेवलं. "जाते म्हणू नये. येते म्हणावं."

"येते? पण मी तर जाणार."

"हो, जातानाच म्हणायचं."

परीनं डोळे बारीक केले. "म्हणजे खोटं बोलायचं?"

"खोटं नाही गं. येते म्हटलं की परत यावं लागतं."

परीला काही कळलं नाही. पऱ्या सरळ बोलतात. आवडीला नियम तरी कुठे कळला होता? तिच्या डोळ्यांपुढे होते आईचे हात.

"माझ्या आईचे हात मऊ होऊ देत. अगदी लोण्यासारखे."

परीनं टिचकी वाजवली. चांदणं सांडल्यासारखी चमचम झाली.

आवडी घरी आली तर आई आपले हात दिव्यासमोर धरून बघत होती. एक ओरखडा नाही, एक चीर नाही. गुलाबी, मऊ मऊ. तिनं आवडीच्या गालावरून हात फिरवला. खरखर झाली नाही. का कोण जाणे, आवडीला जरा चुकल्यासारखं वाटलं.

सकाळी आईनं पात घेतली आणि विणायला वाकवली. काडकन तुटली. दुसरी घेतली. काडकन. आवडी टिकलीकडे धावली. सगळं केतकीचं बेट पत्र्यासारखं कडक झालं होतं. वारा आला की केतकी पूर्वी सळसळायची, आता खडखडत होती. तिचा मऊपणा उचलला गेला होता, आणि तो कुठे ठेवलाय हे आवडीला चांगलं ठाऊक होतं.

पात वाकेना, चटई होईना. चटई नाही म्हणजे भाकरी नाही. सगुणा आपल्या लोण्यासारख्या हातांनी रिकाम्या डब्याचं झाकण उघडायची आणि लावायची.

आणि अमावस्या जवळ आली. अमावस्येला भर दुपारी उधाण येतं, सगळ्यांत मोठं. आता समुद्राचा शब्द भिंतींना ऐकू जायला लागला. मडकी हादरायची.

"येतोऽऽऽ. टिकलीऽऽ, येतोऽऽऽ."

अमावस्येला, दुपार व्हायच्या जरा आधी, आवडी केवड्याजवळ पोचली तेव्हा परीचा रंग उडाला होता. सात रंगांपैकी फिका पिवळा तेवढा उरला होता.

"आज तो येईल," परी म्हणाली. "टिकलीत एक लाट जरी उतरली, तरी कमळं जळतील. मासे मरतील. मी पण विरघळेन."

"मग ते खिंडार बुजव! आत्ताच्या आत्ता! ही माझी दुसरी इच्छा!"

टिचकी वाजली. सोनेरी धुळीचा भोवरा उठला आणि बघता बघता बाबलशेटच्या झोपाळ्यासमोरचं खिंडार वाळूनं गच्च भरलं. पलीकडून बाबलशेटची आरोळी ऐकू आली, "माझा समुद्र कुणी नेला रे?" आवडी टाळ्या पिटत घराकडे पळाली.

दारातच तिचे पाय थिजले.

झोपडीत उजेड होता. कधीच नव्हता एवढा उजेड. मागचं दार उघडं होतं, आणि त्या दारातून आजवर नुसती टेकडीची सावली दिसायची. आज तिथे टेकडी नव्हती. वाळू इथून उचलली गेली होती. मागच्या दाराच्या चौकटीत, वरपासून खालपर्यंत, समुद्र उभा होता.

आणि तो आत बघत होता.

"आवडे," आई हळूच म्हणाली, "माझ्या मागे ये."

ऊन टळटळीत होतं. आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. पक्षी गप्प. तो मोठा गर्जत आला असता तर बरं झालं असतं, निदान ओरडता आलं असतं. पण समुद्र अगदी चूपचाप आला. पाण्याचं पातळ पातळ जाजम उलगडत आल्यासारखा. कडेला पांढऱ्या फेसाची झालर, झालरीत काड्या, शिंपले आणि एक कुणाचीतरी जुनी चप्पल. त्यानं मागच्या अंगणातली रांगोळी चाटली. आधी तांबडा रंग, मग पिवळा, मग पांढरा. बाहेर मांडलेली चूल भिजली, फुस्स झाली. आता मधे नुसती झोपडी. झोपडीच्या पुढच्या दारापासून उताराला टिकली, आणि टिकलीत ते सगळे मासे, ती सगळी कमळं आणि ती परी.

मागच्या उंबऱ्याशी समुद्र थांबला आणि उभा राहिला. हिरव्या काचेची भिंत उठावी तसा, छपराहून उंच. त्या काचेत मासे फिरत होते, बुडलेल्या होड्या फिरत होत्या. त्यानं वाकून आवडीकडे पाहिलं. त्याच्या श्वासाला मिठाचा वास होता.

आईकडे सरकताना आवडीनं दाराजवळचा तांब्या उचलून छातीशी धरला होता. टिकलीच्या गोड पाण्याचा, आई सकाळीच भरून ठेवायची. आवडीचे दात वाजत होते. तिला पळायचं होतं. पण पाय काही ऐकेनात. आणि दारात कुणी उभं राहिलं की आधी पाणी द्यायचं, ही सवय त्या पायांहून जुनी. तिचे हात आपोआप पुढे झाले.

"पाणी घ्या, दर्याबाबा," ती कशीबशी म्हणाली. "उन्हातनं आलात."

समुद्र तांब्याकडे बघत राहिला.

साऱ्या नद्या त्याला पाणी देतात, पण त्या ओततात. तांब्यातून, दोन हातांनी, पाहुण्याला द्यावं तसं पाणी त्याला कुणी आजवर दिलं नव्हतं. एक बारीकशी लाट पुढे आली, तिनं तांब्या उचलला आणि रिकामा करून जिथल्या तिथे ठेवला. काचेच्या भिंतीत कुठेतरी खोलवर "आऽह" असा आवाज झाला.

पण तहान भागली म्हणून हाव थोडीच भागते! भिंत आणखी उंच झाली. छपराची शाकारणी थरथरली. समुद्रानं आपली छाती फुगवली, टिकलीकडे नजर लावली आणि अंगणभर घुमेल असा शब्द टाकला.

"येतो."

आवडीनं डोळे गच्च मिटले. आणि तिच्या तोंडून, तिनं न ठरवता, न विचार करता, पाहुणा उठून "येतो" म्हणाला की आपल्या सगळ्यांच्या तोंडून जे निघतं तेच निघालं.

"बरं, या हं पुन्हा. सावकाश जा."

उठलेली भिंत होती तिथेच थांबली.

"काय म्हणालीस?" समुद्रानं विचारलं.

"सावकाश जा म्हटलं."

"कोण जातंय?"

"तुम्हीच ना?" आवडीनं एक डोळा उघडला. "येतो म्हणालात की."

"मी येतो म्हणालो!"

"हो, मग! आमच्यात निघताना तसंच म्हणतात. जातो म्हणत नाहीत. तुम्ही अगदी बरोबर म्हणालात, दर्याबाबा."

समुद्र गडबडला. इतका थोरला समुद्र, पण शब्दाच्या बाबतीत त्याला कुणी कधी अडवलं नव्हतं. त्यानं सगुणाकडे पाहिलं. भीतीनं पांढरीफटक पडलेली सगुणा पदर सावरून पुढे झाली.

"पोर खरं बोलतेय, बाबा. पाणी घेऊन, येतो म्हणून, मग कुणी आत शिरतं का? मर्यादा असते."

तो शब्द ऐकला मात्र, समुद्र चपापला. मर्यादा! किती दिवसांत त्यानं ती जांभळी फुलं पाहिली नव्हती. त्याच्या काचेच्या भिंतीला सुरकुत्या पडल्या. ती खाली आली, आणखी खाली आली, आणि पाण्याचं जाजम हळूहळू गुंडाळलं जायला लागलं.

"मी म्हणालो खरा," तो पुटपुटत राहिला, "म्हणालो खरा..."

पुटपुटत पुटपुटतच तो अंगणातून, झोपडीमागच्या नव्या खिंडारातून, पुळणीच्या वाळूवरून मागे गेला. कायमचा.

आवडी मटकन उंबऱ्यावर बसली आणि मगच रडली.

त्या सांजेला दोघी मायलेकी केवड्याजवळ गेल्या. परी वाट बघत होती.

"तिसरी इच्छा," ती म्हणाली. "काहीही माग. सोन्याचं घर? मोत्यांची माळ?"

आवडीनं आईचा लोण्यासारखा हात आपल्या हातात घट्ट धरला होता. "पण ते कुठून उचलशील तू?"

"ते मला नाही सांगता येत."

आवडीनं त्या मऊ तळव्यावरून बोट फिरवलं. तिला मागायचं काय ते कळलं होतं, पण ते मागितलं की या हाताचं काय होणार हेही कळलं होतं. आईनंच मग तिच्या डोक्यावर हनुवटी टेकली.

"माझे हात मला परत दे, आवडे. या हातांना विणता येत नाही."

"परी," आवडी म्हणाली, "जे जिथून उचललंस ते तिथे परत ठेव."

परीच्या डोळ्यांत दोन चांदण्या डबडबल्या. "आजवर पुष्कळांनी मागितलं. परत ठेवायला कुणी सांगितलं नव्हतं."

टिचकी वाजली. केतकी सळसळली, मऊ झाली. आईच्या बोटांवर जुने ओरखडे उमटले. झोपडीमागे टेकडी पुन्हा उभी राहिली, आणि बाबलशेटच्या झोपाळ्यासमोर खिंडार पुन्हा उघडं पडलं. एवढं झालं आणि परी आतून उजळायला लागली. आधी गुलाबी, मग सोनेरी, मग पांढरीशुभ्र. तिचे पंख प्रकाशातच मिसळत चालले.

"आवडी, मी जा..."

आवडीनं तोंडावर बोट ठेवलं.

परी हसली. घुंगरू किणकिणलं. "येते हं!"

आणि झगमगाटाचा एक लोट उठला, टिकलीभर पसरला, प्रत्येक कमळाच्या पाकळीवर एकेक ठिणगी ठेवून विझला. केवड्याचं कणीस रिकामं होतं. वास मात्र असा सुटला, की तो आईच्या पातींच्या भाऱ्यात शिरला तो शिरलाच. तेव्हापासून सगुणाची चटई पसरली की घरभर केवडा दरवळतो. लोक लांबलांबून मागायला येतात. त्या घरातल्या भुकेला आता बसायला कोपरासुद्धा उरला नाही.

राहिलं ते खिंडार. ते कुणा परीनं बुजवलं नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताच बाबलशेट स्वतः डोक्यावर टोपलं घेऊन धावत आला.

"आवडे, ती वेल कशी लावतात गो? लवकर सांग! तो बघतोय माझ्याकडे!"

"आता कळलं, वाळू चोर आहे की नाही ते?" आवडी म्हणाली, आणि मग तिलाच हसू आलं.

मर्यादवेलीचं एकेक पेर वाळूत दाबायचं, आडव्या काटक्यांचं कुंपण घालायचं आणि तिथून कुणी चालायचं नाही, गुरं न्यायची नाहीत. सगळं गाव लागलं. वाऱ्यानं वाळू आणली, कुणी न मागता, मूठ मूठ. वेलीनं ती धरली. जांभळं फूल आलं त्या दिवशी आवडी झोपाळ्याच्या कडेला बसून बघत होती. खिंडार भरलं होतं. समुद्र दिसत नव्हता. बाबलशेटही शेजारी बसला होता, पाय वर घेऊन.

आणि परी? ती येते. "येते" म्हणाली होती ना! दर वर्षी केवडा फुलला की सांजेला टिकलीवर ठिणग्या उमटतात.

आता शेवटी एक कबुली. शपथ घेतली होती, तर सांगायलाच हवं. या गोष्टीत परी खरी, तांब्या खरा, झोपाळा खरा, समुद्र बोलला तेही खरं. एकच शब्द मी माझ्या पदरचा घुसडला. समुद्र मागे गेला म्हणून सांगताना मी म्हणालो, "कायमचा." ते खोटं. तुम्ही फार घाबरला होतात, म्हणून म्हणालो. खेकड्यानं तसं काहीच सांगितलं नव्हतं.

समुद्र "येतो" म्हणून गेलाय. आणि आपल्याकडे "येतो" म्हणून गेलेला पाहुणा येतोच. म्हणून आवडी, आता तिचे केस पिकलेत तरी, रोज सकाळी टेकडीवर जाते, मर्यादवेलीचं एखादं सुटलेलं पेर पुन्हा वाळूत दाबते. आणि पाण्यानं भरलेला तांब्या उंबऱ्याशी ठेवायला विसरत नाही.